वाळू आपली, चुंबक त्यांचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सौर आणि पवन ऊर्जेला रेअर अर्थ मूलद्रव्यं लागतात, ती दुर्मिळ आहेत आणि चीनच्या मुठीत आहेत. उद्या चीनने देणं थांबवलं तर हरित ऊर्जेचं काय? आणि भारताकडे जगातला तिसऱ्या क्रमांकाचा साठा असताना आपण चुंबकं आयात का करतो?" विचारणारी विद्यार्थिनी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून उत्तर जरा लांबवतो. मी पुण्याजवळ मोटारी आणि जनरेटर बनवण्याच्या धंद्यात सत्तावीस वर्षं आहे. त्यातली निम्मी वर्षं चुंबकं निवडणं, मागवणं आणि आलेला माल नाकारणं यातच गेली.

आधी प्रश्नातली एक गाठ सोडवू. सौर पॅनेलमध्ये रेअर अर्थ नसतात. गच्चीवर दिसणाऱ्या त्या काळ्या-निळ्या पॅनेलमध्ये सिलिकॉन, चांदी, तांबं, ॲल्युमिनियम आणि काच असते. लिथियम, कोबाल्ट, ग्राफाइट हेही रेअर अर्थ नव्हेत. वर्तमानपत्रं या सगळ्यांना 'महत्त्वाची खनिजं' म्हणून एकाच टोपलीत टाकतात आणि वाचणाऱ्याचा घोळ होतो. रेअर अर्थ म्हणजे आवर्त सारणीत खाली वेगळ्या ओळीत बसवलेली लॅन्थेनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा मूलद्रव्यं, शिवाय स्कँडियम आणि यट्रियम. एकूण सतरा. आपल्या विषयापुरती त्यातली चारच मोजायची: निओडिमियम, प्रासिओडिमियम, डिस्प्रोसियम आणि टर्बियम. चारही शेवटी एकाच वस्तूत जातात, कायमस्वरूपी चुंबकात. ते चुंबक काही प्रकारच्या पवनचक्क्यांच्या जनरेटरमध्ये आणि विजेवरच्या बहुतेक गाड्यांच्या मोटारीत बसतं. म्हणजे प्रश्न सगळ्या हरित ऊर्जेचा नाही, एका चुंबकाचा आहे. तेवढा बारीक केला की उत्तर देता येतं.

'दुर्मिळ' हे नावही फसवं. पृथ्वीच्या कवचात सेरियम जवळजवळ तांब्याइतकं आहे, निओडिमियम शिशापेक्षा जास्त आहे. थुलियम या कुटुंबातलं अगदी कमी सापडणारं, पण तेही चांदीपेक्षा जास्तच. अडचण सापडण्याची नाही, सुटं करण्याची आहे. या सगळ्यांचे आयन जवळपास एका मापाचे, विद्युतभारही बहुधा सारखाच, त्यामुळे रसायनाला त्यांच्यातला फरक कळत नाही. तांदळातले खडे निवडणं सोपं असतं. इंद्रायणी आणि आंबेमोहोर एकत्र झालेल्या पोत्यातून दाणा दाणा वेगळा करायला बसलात तर निओडिमियम आणि प्रासिओडिमियम वेगळं करणाऱ्यांची दशा समजेल. आम्लात विरघळवलेलं मिश्रण एका तेलकट द्रावकाबरोबर ढवळायचं, थर वेगळे होऊ द्यायचे, पुन्हा ढवळायचं. एका खेपेत या दोघांमध्ये पडणारा फरक इतका थोडा असतो की अशा टाक्यांच्या शेकड्यांनी रांगा लावाव्या लागतात आणि पूर्ण रांग स्थिरावायला आठवडे जातात. मध्येच आम्लाचं प्रमाण चुकलं तर सगळी रांग बिघडते. हे पुस्तकातून येत नाही, हात बसावा लागतो. म्हणूनच चुंबक विकणाऱ्या कंपन्यांची अनेक गुपितं माहीत असलेल्या माझ्यासारख्यालाही या टाक्या चालवणाऱ्या माणसांबद्दल जास्त आदर वाटतो.

बरेचदा निओडिमियम आणि प्रासिओडिमियम वेगळं करतच नाहीत, जोडीनेच विकतात. धंद्यात त्याला 'एनडीपीआर' म्हणतात. चुंबकाला दोन्ही चालतात.

आता चुंबकाकडे येऊ. निओडिमियम-लोखंड-बोरॉन चुंबक १९८३-८४ च्या सुमारास दोन ठिकाणी एकाच वेळी जन्माला आलं: जपानमध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा यांच्या हातून आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांच्या हातून. त्याआधी समारियम-कोबाल्ट होतं, पण कोबाल्ट महाग. १९७८ च्या आसपास झाईरमधल्या (आजच्या काँगोमधल्या) लढाईमुळे कोबाल्टचा भाव भडकला होता, म्हणून दोघेही लोखंडावर आधारलेलं काहीतरी शोधत होते. म्हणजे ज्या चुंबकाच्या पुरवठ्याची आज आपण चिंता करतोय, ते मुळात एका पुरवठ्याच्या संकटातूनच आलंय.

वजनाने या चुंबकात साधारण ३० टक्के रेअर अर्थ, एक टक्का बोरॉन आणि बाकी लोखंड. बनवायची रीत कुंभाराच्या आणि लोहाराच्या मधली. मिश्रधातू वितळवून पातळ पापुद्रे काढायचे, हायड्रोजन देऊन ते फोडायचे, मग तीन ते पाच मायक्रॉनची भुकटी दळायची. ही भुकटी हवेत उघडी पडली तर पेट घेते, म्हणून सगळं नायट्रोजनखाली. चुंबकीय क्षेत्रात दाबून ठोकळा करायचा, साधारण १०५० ते ११०० अंशांवर भाजायचा, कापायचा, निकेल किंवा इपॉक्सीचा थर द्यायचा आणि शेवटी कॉइलमधून मोठा विजेचा ठोका देऊन चुंबकित करायचा. थर नीट बसला नाही तर दमट हवेत चुंबक आतून कुजतं. कोकणातल्या एका पंपाची मोटर मी उघडली होती, तिच्यात चुंबकाच्या जागी अक्षरशः राखाडी पीठ निघालं.

या चुंबकाचा खरा दुबळेपणा उष्णता. खोलीच्या तापमानाला त्याच्यासारखा दणकट गडी नाही. पण गाडीच्या मोटारीत रोटर, म्हणजे फिरणारा भाग, १५० अंशांच्या घरात जातो आणि तिथे समोरून स्टेटरचं, म्हणजे स्थिर भागाचं, विरोधी क्षेत्र आदळत असतं. साधं चुंबक अशा वेळी आपली ताकद टाकून देतं, आणि थंड झालं तरी ती परत येत नाही. यावर उपाय म्हणून थोडं निओडिमियम काढून तिथे डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. चुंबकाच्या ग्रेडमागे जी अक्षरं असतात ती हेच सांगतात: नुसता एन म्हणजे ८० अंशांपर्यंत, एम १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०. प्रत्येक पायरीला डिस्प्रोसियम थोडं वाढतं आणि भाव बराच.

२०११ मध्ये याचा धडा मिळाला. भाव इतके चढले होते की पुरवठादार कोटेशनवर 'वैध: आज सायंकाळपर्यंत' असं लिहून पाठवत. आम्ही एसएच ग्रेडचा एक लॉट मागवला. प्रमाणपत्र चोख, मापं चोख, चकाकी चोख. आमच्याकडे एक जुनी रीत होती: प्रत्येक लॉटमधली वीस चुंबकं हेल्महोल्ट्झ कॉइलमध्ये (मोजणीच्या दोन समांतर वेटोळ्यांत) फिरवून फ्लक्स, म्हणजे चुंबकाची ताकद, नोंदवायचा, मग ओव्हनमध्ये १५० अंशांवर दोन तास ठेवायचं, थंड झाल्यावर पुन्हा मोजायचं. पाच टक्क्यांपर्यंतची घट आम्ही चालवून घ्यायचो. त्या दिवशी पहिल्या चुंबकाला अठरा टक्के घट आली. वाटलं मीटर बिघडलाय. दुसरं, तिसरं, सगळी तशीच. एच ग्रेडचा माल एसएचच्या खोक्यात भरला होता. डिस्प्रोसियम महाग झालं तसं कुणीतरी आमटीत पाणी वाढवलं होतं. तो लॉट मोटारीत गेला असता तर गाड्या कारखान्यातून ठणठणीत बाहेर पडल्या असत्या आणि मे महिन्यात घाट चढताना मेल्या असत्या. टंचाईचं हे रूप अहवालांत सापडत नाही. माल मिळतो, पण तो तो माल नसतो.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत उद्योगाने डिस्प्रोसियम बरंच कमी केलं. चुंबकाच्या पृष्ठभागावर डिस्प्रोसियम किंवा टर्बियमचा लेप देऊन सुमारे ९०० अंशांवर ठेवलं की ते कणांच्या सीमांवरून आत झिरपतं. जिथे गरज आहे तिथेच बसतं, कणाच्या पोटात वाया जात नाही. मीठ पिठात कालवण्याऐवजी पापडाला वरून लावण्यासारखं. पण कमी झालं म्हणजे शून्य झालं असं नाही, आणि २०२५ मध्ये नेमकं त्या उरलेल्या चिमटीवरच बोट ठेवलं गेलं.

पवनचक्क्यांबद्दल गैरसमज जास्त आहेत, म्हणून आकडे देतो. गिअरबॉक्स नसलेल्या, थेट पात्यांच्या गतीने फिरणाऱ्या कायम-चुंबकी जनरेटरला दर मेगावॅटमागे साधारण ६०० ते ६५० किलो चुंबक लागतं. मध्यम गतीच्या, एक-दोन टप्प्यांचा गिअर असलेल्या यंत्राला दीडशे किलोच्या आसपास. जास्त गतीच्या यंत्राला ऐंशीच्या आसपास. आणि डबली-फेड इंडक्शन जनरेटरला, म्हणजे चुंबकाऐवजी तांब्याच्या वळ्यांना वीज देऊन चालणाऱ्या यंत्राला, शून्य. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावर ज्या जुन्या चक्क्या घरघरताना दिसतात, त्यांत गिअरबॉक्स आणि तांब्याच्या वळ्यांचा इंडक्शन जनरेटर आहे. कायम चुंबक नाही. जमिनीवरची पवन ऊर्जा रेअर अर्थशिवाय चालते, चालत आलीय. जर्मनीच्या एनरकॉनने तर गिअरबॉक्सही नाही आणि कायम चुंबकही नाही अशी, रोटरला बाहेरून वीज देणारी यंत्रं वर्षानुवर्षं विकली.

समुद्रात मात्र गणित फिरतं. शंभर-दीडशे मीटर उंचीवर गिअरबॉक्स बिघडला तर तिथे क्रेनचं जहाज न्यायचं, त्याचं भाडं, वाऱ्याची वाट बघत काढलेले दिवस. तिथे जितके फिरते भाग कमी तितकं बरं. म्हणून सिमेन्स गामेसाची १४ मेगावॅटची यंत्रं थेट जोडणीची आहेत. वेस्टासने आपल्या १५ मेगावॅटच्या यंत्रात मध्यम गतीचा गिअर ठेवून चुंबक वाचवलं. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ मिळून १००० मेगावॅटच्या सागरी पवन प्रकल्पांसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये मदत मंजूर केली आहे. ते सगळे थेट जोडणीचे निघाले तर ६०० टन चुंबक एकट्या तिथेच लागेल. मध्यम गतीचे घेतले तर दीडशे टन. टर्बाइन निवडणाऱ्या समितीत बसलेल्या माणसाने हा फरक खरेदीच्या कागदावर मांडायला हवा. आजवर पाहिलेल्या निविदांत मला तो रकाना दिसलेला नाही.

आपल्याकडे मागणीचा मोठा भाग पवनचक्क्यांतून येत नाही, गाड्यांतून येतो. चारचाकीच्या मोटारीत साधारण एक ते दोन किलो चुंबक, स्कूटरमध्ये काहीशे ग्रॅम. एकेक आकडा छोटा. गुणाकार मोठा.

आता चीन. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ३,९०,००० टन रेअर अर्थ ऑक्साइड खाणीतून निघालं, त्यातलं २,७०,००० टन चीनमध्ये. अमेरिका ४५,०००. भारत २,९००. साठे बघाल तर चीन ४.४ कोटी टन, ब्राझील २.१ कोटी, भारत ६९ लाख. तुमच्या प्रश्नातला तिसरा क्रमांक तो हाच. पण खरी मक्तेदारी खाणीत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबात चुंबकी रेअर अर्थच्या खाणकामात चीनचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास, शुद्धीकरणात ९० च्या वर आणि भाजलेल्या चुंबकांत ९४. जसजसं चुंबकाच्या जवळ जावं तसतशी मूठ घट्ट होत जाते.

हे कसं झालं याची सरधोपट गोष्ट 'स्वस्त मजूर आणि ढिले पर्यावरण नियम' इथे संपते. ती अर्धी खरी आहे. बाओटोऊजवळच्या बायान ओबोला रेअर अर्थ मिळतात ते लोखंडाच्या खाणीबरोबर. खोदण्याचा खर्च लोखंडाच्या खात्यावर पडतो. त्या कारखान्यांच्या गाळाचं तळं किती घातक आहे हेही जगजाहीर आहे. डिस्प्रोसियम-टर्बियमसारखी जड मूलद्रव्यं मात्र बायान ओबोत फारशी नाहीत. ती दक्षिणेत जिआंग्शीच्या मातीत चिकटलेली असतात. डोंगराला भोकं पाडायची, अमोनियम सल्फेट सोडायचं आणि खाली झिरपणारं पाणी गोळा करायचं. चीनने आपल्याकडे हे आवळल्यावर तोच धंदा सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिन डोंगरांत गेला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथलं पांगवा हे खाणींचं केंद्र काचिन बंडखोरांनी घेतलं आणि डिस्प्रोसियमच्या बाजाराचे कान टवकारले. युरोपातल्या शांत रस्त्यावरच्या गाडीतली चिमूटभर धातू कुठून येते, हे कधीतरी नकाशावर बोट ठेवून बघावं.

गोष्टीचा उरलेला अर्धा भाग पश्चिमेच्या आळसाचा. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण एके काळी जगाला पुरवायची. २००२ मध्ये बंद पडली. जनरल मोटर्सने आपला चुंबकाचा व्यवसाय, मॅग्नेक्वेंच, विकायला काढला आणि १९९५ मध्ये चिनी भागीदार असलेल्या गटाने तो घेतला. पुढे उत्पादन चीनला गेलं. कुणी चोरलं नाही. पावती करून दिलं.

२०१० मध्ये, चीन आणि जपान दोघेही हक्क सांगतात त्या सेंकाकू बेटांजवळ, एका चिनी मासेमारी जहाजाच्या कप्तानाला जपानने पकडलं आणि जपानकडे जाणारा रेअर अर्थचा माल अडला. भाव कित्येक पटींनी चढले. मग सगळं जग शहाणं झालं, निदान तसं वाटलं. माउंटन पास पुन्हा उघडली, शेकडो नव्या खाणींच्या कंपन्या निघाल्या. २०१२ पासून भाव कोसळले, चीनने जागतिक व्यापार संघटनेतला खटला हरल्यावर २०१५ मध्ये निर्यात कोटा काढला आणि त्याच वर्षी माउंटन पासची मोलिकॉर्प दिवाळखोरीत गेली. टिकली ती ऑस्ट्रेलियाची लायनास. कारण जपानने तिला कर्ज देऊन, माल बांधून घेऊन, मंदीतही धरून ठेवलं. मला यात सगळा मुद्दा दिसतो. टंचाईच्या वर्षी पैसा कुणीही टाकतो. स्वस्ताईच्या वर्षी महाग माल विकत घेणारा गिऱ्हाईक असेल तरच चीनबाहेरचा कारखाना जगतो. अमेरिकेला हे उशिरा कळलं: जुलै २०२५ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने माउंटन पासच्या आत्ताच्या मालकाला, एमपी मटेरियल्सला, एनडीपीआरसाठी किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. ऊसवाल्यांना एफआरपी, म्हणजे उसाला बांधून दिलेला किमान भाव, सांगायला नको. तसलंच काहीसं.

४ एप्रिल २०२५ ला चीनने समारियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि यट्रियम या सात मूलद्रव्यांवर आणि ती असलेल्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. बंदी नव्हे, परवाना. फरक कागदावर. आमच्याकडे सात आठवड्यांचा साठा होता. हे चुंबक कुठल्या मोटारीत जाणार, ती मोटर कुठल्या गाडीत, शस्त्रात जाणार नाही याची हमी, सगळं लिहून, शिक्के मारून पाठवलं. तरी काही येईना. स्टोअरमधला पोरगा रोज सकाळी खोकी मोजून फळ्यावर आकडा लिहायचा, आणि आम्ही त्या आकड्याकडे न बघता चहाला जायचो. बजाजच्या राजीव बजाज यांनी जुलैत उघडच सांगितलं की चेतक या विजेवरच्या स्कूटरचं ऑगस्टमधलं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. गंमत अशी की निओडिमियम त्या यादीत नव्हतं. ज्यांची मोटर डिस्प्रोसियमविना चालत होती त्यांना माल मिळू शकत होता. मग पुण्या-चाकणच्या डिझाइन विभागांत एकच धावपळ: रोटरला थंडावा वाढवा, चुंबक थोडं जाड करा, कमाल टॉर्कची वेळ कमी करा, आणि जड मूलद्रव्यांशिवायच्या ग्रेडवर या. वर्षभर 'नंतर बघू' म्हणून पडलेलं काम दोन महिन्यांत झालं. काहींनी तर चुंबक अडतंय म्हणून आख्खी तयार मोटरच चीनमधून मागवायचा विचार केला. स्वावलंबनाची ही उलटी वाट.

ऑक्टोबरमध्ये चीनने आणखी पाच मूलद्रव्यं यादीत घातली आणि नोव्हेंबरात, ट्रम्प-शी भेटीनंतर, तो नवा फास वर्षभरासाठी सैल केला. एप्रिलचा मात्र तसाच ठेवला.

आता आपल्या वाळूकडे. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाने त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ आणि थोरियम असलेलं खनिज ओळखलं. जहाजं भरून ती वाळू युरोपला जाऊ लागली. कशासाठी? गॅसबत्तीच्या जाळीसाठी. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतलेल्या गॅसबत्त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती पांढरी, फुंकर मारली तरी तुटणारी जाळी आठवेल. ती थोरियम ऑक्साइडची, आणि त्यात एक टक्का सेरियम. ती जाळी शोधली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. आणि १८८५ मध्ये निओडिमियम आणि प्रासिओडिमियम प्रथम वेगळं करणारेही तेच! तेव्हा हवं होतं थोरियम. बाकीचं काय करावं याची पंचाईत. आज त्याच वाळूतून हवंय निओडिमियम, आणि पंचाईत आहे थोरियमची.

कारण भारतीय मोनाझाइटमध्ये ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असतं. थोरियम किरणोत्सारी, आपल्या अणुकार्यक्रमाच्या दृष्टीने मोलाचं, म्हणून मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली. खाजगी कंपनीला किनाऱ्यावरची ही खनिजं काढता येत नाहीत. काम एका सरकारी कंपनीकडे: आयआरईएल, स्थापना १९५०, मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला, अलुवाचा कारखाना १९५२ पासून. वाळू ओडिशातलं छत्रपूर, तमिळनाडूतलं मनवलकुरिची, केरळमधलं चवरा इथून. शिवाय किनारा म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, मच्छीमारांची वस्ती, कांदळवन. सरकारी आकडा १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट आणि त्यात ७२ लाख टन ऑक्साइड असा आहे. त्यातलं बरंच कागदावरच राहणार हे गृहीत धरा. आणि ते राहावंच असं काही ठिकाणी माझंही मत आहे.

कुणी रत्नागिरीचं नाव काढतं म्हणून सांगतो. मांडवीच्या काळ्या वाळूत कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं की मिशा फुटल्यासारखे काळे कण चिकटतात, मुलांना दाखवायला झकास. पण ते मॅग्नेटाइट. आपली सह्याद्रीची वाळू बेसॉल्टची, तिच्यात लोखंड आणि टायटॅनियम. मोनाझाइट ग्रॅनाइट आणि त्याच्या भाईबंदांतून येतं, ते दक्षिणेला आणि पूर्वेला.

हिशेब करू. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने ७,२८० कोटींची योजना मंजूर केली: वर्षाला ६,००० टन भाजलेली चुंबकं भारतात. चांगली योजना आहे, विशेषतः त्यातली बहुतेक रक्कम विक्रीवर मिळणार आहे, नुसत्या शेड उभारण्यावर नाही. पण ६,००० टन चुंबकांना ३० टक्क्यांनी १,८०० टन रेअर अर्थ धातू लागते. आयआरईएलचं निओडिमियम वर्षाला साडेचारशे टनांच्या आसपास. ते ऑक्साइड धरलं तर धातू होताना ऑक्सिजनचं १४ टक्के वजन जातं, उरतं ३८५ टन. त्यातून फार तर १,३०० टन चुंबकं. कापताना जो भुसा जातो तो मी धरलेलाच नाही, आणि तो थोडा नसतो. म्हणजे घोषित क्षमतेच्या एक चतुर्थांशालाही घरचा माल पुरत नाही. उरलेलं ऑस्ट्रेलिया किंवा आणखी कुठून आणावं लागेल. त्यात आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोसियम नावालाच. राजस्थानातल्या सिवाना भागातल्या खडकांत जड मूलद्रव्यं आहेत, पण खडकापासून धातूपर्यंत पोचायला दशक सहज जातं.

मधली पायरी सर्वांत दुबळी आहे: ऑक्साइडपासून धातू आणि धातूपासून मिश्रधातू. इथे आपला व्यापारी अनुभव जवळजवळ नाही. विशाखापट्टणमला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने समारियम-कोबाल्ट चुंबकांचा छोटा कारखाना उभा राहिला, वर्षाला ३,००० किलो, संरक्षण आणि अवकाशासाठी. किलो, टन नव्हे. आणि २०२३ च्या डिसेंबरात चीनने शुद्धीकरणाचं आणि चुंबकाचं तंत्रज्ञान बाहेर द्यायलाच मनाई केली आहे, त्यामुळे भट्टी विकत मिळेल, भट्टीसमोर उभा राहणारा माणूस मिळणार नाही. तो इथेच तयार करावा लागेल. तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात ना? धातुशास्त्राच्या मित्रांना हे वाचायला द्या.

एक त्रास कुणी बोलत नाही तो असा: मोनाझाइट फोडलं की जवळपास अर्धं सेरियम निघतं, पाचवा हिस्सा लॅन्थेनम, आणि निओडिमियमही तेवढंच. सेरियमला भाव नाही. काच घासायला, गाड्यांच्या उत्प्रेरकात जातं, पण जगात ते ढिगाने आहे. चुंबकासाठी जितकं निओडिमियम काढाल तितक्या सेरियमच्या गोण्या गोदामात साचतील. टोयोटाने २०१८ मध्ये निओडिमियमचा काही भाग काढून लॅन्थेनम आणि सेरियम घातलेलं चुंबक जाहीर केलं ते याच ढिगाकडे बघून.

पर्याय आहेत. बीएमडब्ल्यू आणि रेनो रोटरला तांब्याच्या वळ्या देऊन चालवतात. फेराइट चुंबकाची मोटर होते, फक्त त्याच ताकदीला जड आणि मोठी. स्कूटरच्या पुढच्या मोकळ्या जागेत ती बसवता येईल का यावर आमचे दोन तरुण इंजिनिअर सध्या भांडतायत. पंख्याच्या, पंपाच्या मोटारीत निओडिमियम घालणं मला तर उधळपट्टी वाटते. तिथे फेराइट पुरे. तेव्हा प्रश्नाच्या पहिल्या भागाचं माझं उत्तर: चीनने हात आखडला तर सौर ऊर्जेला काही होणार नाही, जमिनीवरच्या पवन ऊर्जेला थोडं, सागरी पवन आणि विजेवरच्या गाड्यांना एक-दोन वर्षं जड जातील, मोटारी थोड्या बोजड होतील.

राहिलं जुन्या चुंबकांचं. जगात ती परत वापरली जाण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे, कारण मोटारीतून ती काढणं हेच त्रासाचं. गोंदाने चिकटवलेली, रोटरच्या खाचेत ठोकलेली, तापवून विचुंबकित केल्याशिवाय हातात येत नाहीत, आणि तशीच ओढलीत तर बोट दोन चुंबकांत सापडतं. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख त्याची साक्ष देतं. आमच्या कारखान्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन पिंपं भरून नाकारलेले रोटर आणि तुटकी चुंबकं आहेत, २०११ पासूनची. त्यात त्या अठरा टक्के घटीच्या लॉटमधली आमच्या वाट्याला राहिलेली खोकीही आहेत. भंगारवाला दर वर्षी यायचा, पिंपाला लाथ मारायचा आणि लोखंडाचा भाव सांगायचा. मी द्यायचो नाही, का ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा दुसऱ्याच एका माणसाचा फोन आला. लोखंडाबद्दल बोललाच नाही. म्हणाला, साहेब, त्यात एसएच ग्रेड किती आहे?